डोंगर कोणी पेटवला, एवढंच विचारून आपण थांबतो

मुंबईत टेकडीवर वणवा दिसला की त्याचा निकाल लागायला अर्धा तास पुरतो. आग विझलेली नसते, बंब अजून कुठल्या तरी अरुंद वळणावर अडकलेला असतो. पण गोरेगाव, मालाड, बोरिवली, मुलुंडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आरोपी ठरलेला असतो. बहुतेक वेळा तो बिल्डर असतो. काहींच्या मते पाड्यावरचे आदिवासी, नाहीतर पायथ्याची झोपडपट्टी. राहिलेले म्हणतात, ऊन काय तापलंय बघा, पेटणारच की. बाल्कनीतून काढलेले फोटो येतात, हात जोडलेले इमोजी येतात, आणि सकाळी ग्रुप पुन्हा पार्किंगच्या भांडणाकडे वळतो.

यातली पहिली दोन उत्तरं अगदीच बिनबुडाची नाहीत, तिसरं मात्र जवळजवळ पूर्ण चुकीचं आहे. पण तिघांचा उपयोग एकच. ते एकदा बोलून टाकलं की पुढे काही विचारावं लागत नाही. किती जळलं, कोणाच्या हद्दीतलं जळलं, गेल्या वर्षीही तेच जळलं होतं का, तिथे जाळरेषा, म्हणजे आग अडवायला साफ केलेला पट्टा, काढली होती का, हे प्रश्न कंटाळवाणे आहेत. वणवे थांबतात ते मात्र या कंटाळवाण्या प्रश्नांनीच.

उन्हापासून सुरुवात करू, कारण ते उत्तर सगळ्यात निरुपद्रवी वाटतं. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि बाकीचं वर्ष जवळजवळ कोरडं जातं. एवढ्या पावसाच्या गावात वणवे कसे, असं बाहेरच्याला वाटेल. खरं तर त्या पावसामुळेच. उतारांवर कमरेएवढं, कुठे डोक्याएवढं गवत माजतं. दिवाळीनंतर ते पिवळं पडतं. फेब्रुवारीपासून साग, ऐन, पळस, पांगारा पानं टाकायला लागले की त्यावर वाळक्या पानांचा थर चढतो. जळण तयार असतं, पण जळण आपोआप पेटत नाही. मार्च-एप्रिलचं ऊन कितीही भाजून काढणारं असलं तरी त्याने गवत पेट घेत नाही, ठिणगी लागते. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात कोरड्या वादळात वीज पडून जंगलं पेटतात. आपल्याकडे विजा कडाडतात त्या वळवाच्या नाहीतर परतीच्या सरींबरोबर, म्हणजे भिजवतच. आणि बांबूवर बांबू घासून वणवा लागतो ही गोष्ट आपल्या डोक्यात इतकी घट्ट बसली आहे की चांगली शिकली-सवरलेली माणसंही ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगतात. भारतातले जवळजवळ सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात, मुद्दाम किंवा निष्काळजीपणाने. यावर वनखात्याचं आणि वनखात्यावर टीका करणाऱ्यांचंही एकमत आहे, आणि असे विषय फार नाहीत.

मग माणूस कोणता? इथे बिल्डर येतो.

३ डिसेंबर २०१८ च्या संध्याकाळी गोरेगाव पूर्वेला, दिंडोशीच्या आयटी पार्कमागचा डोंगर पेटला. महामार्गावरून, लोकलच्या दारातून, मैलभर लांबच्या गच्च्यांवरून ती ज्वाळांची माळ दिसत होती. बंब पायथ्याशी पोचले, पण डोंगरावर चढणार कसे? जिथे गाडी जात नाही तिथे माणसांनी चढून आग झोडपावी लागते, आणि तेही अंधारात. रात्री उशिरापर्यंत ते चाललं होतं. दुसऱ्या दिवशी शहरभर एकच चर्चा: ही आग लागली नाही, लावली. जागा मोकळी करायची आहे कुणाला तरी.

या संशयाला मुंबईत आधार आहे. इथे खाडी भरून इमारती उभ्या राहिल्या, तिवरं रातोरात वाळली, डोंगर पोखरून गेले. ज्याने हे सगळं पाहिलंय त्याला भोळेपणाचा सल्ला द्यायचा मला अधिकार नाही. पण संशय घ्यायचा तर नीट घ्यावा. राखीव वनातली झाडं जळाली म्हणून ती जमीन बांधकामाला मोकळी होत नाही. १९८० चा वन संवर्धन कायदा आहे, आणि डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सरकारदफ्तरी वन म्हणून नोंद असलेली जमीन, मालक कोणीही असो, त्या कायद्याखाली आणली. अशा जमिनीवर झाडं आज उभी आहेत की जळून गेलीत, याने तिचा दर्जा बदलत नाही. म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात, कान्हेरीच्या मागे कुठे वणवा लागला तर 'प्लॉट साफ करायला लावला' हे फारसं पटत नाही.

हद्दीवर मात्र गोष्ट बदलते. तिथे वनखात्याची जमीन, महसूल खात्याची, दुग्धविकास विभागाची, महापालिकेची आणि खासगी, असे तुकडे एकमेकांना लागून आहेत, आणि यातल्या काहींवर 'हे जंगल आहे का' याचाच वाद वर्षानुवर्षं चाललेला आहे. खासगी वनं सरकारच्या ताब्यात घेणारा १९७५ चा कायदा आला. त्यासाठी आधार धरलेल्या, १९२७ च्या वन अधिनियमाखालच्या जुन्या नोटिसांचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागायला २०१४ उजाडलं. आरेच्या मेट्रो कारशेडचं तर सगळ्यांना आठवत असेल. ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने आरेला वन ठरवण्याची मागणी फेटाळली आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या, दोन हजारांवर झाडं पडली. अशा जमिनीवर दरवर्षी आग लागत राहिली तर काय होतं? रोपं मरतात, मोठी झाडं विरळ होतात, आणि काही वर्षांनी कोणीही तिथे उभं राहून म्हणू शकतं, इथे जंगल कुठाय, हे तर गवताचं माळरान आहे. एका रात्रीच्या भडक्यापेक्षा हे जास्त फायद्याचं आहे, आणि पकडायला जास्त अवघड. ज्याला बिल्डरचा संशय खरोखर आहे, त्याने आगीच्या रात्री ओरडण्यापेक्षा जळलेल्या जागेचा सर्व्हे नंबर शोधावा आणि तो गेल्या पाच-दहा वर्षांत किती वेळा जळला हे विचारावं. हे विचारणारे मुंबईत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. बाकीच्यांचं साप म्हणून भुई धोपटणं चालू असतं.

आता आदिवासींकडे. 'ते लोक जाळतात' हे वाक्य मी उच्चशिक्षित, पर्यावरणप्रेमी म्हणवणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलंय, आणि ते नवीन नाही. ठाणे, पालघर, रायगड, नाशिककडे शेतकरी अजून राब भाजतात. भाताची किंवा नाचणीची रोपं जिथे टाकायची त्या तुकड्यावर झाडाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत पसरायचं, वर माती टाकायची आणि पावसाच्या आधी ते संथपणे जाळायचं. तण मरतं, राखेने जमीन रोपांना तयार होते. इंग्रज वनाधिकाऱ्यांना हा जंगलाचा सत्यानाश वाटला आणि त्यांनी त्यावर निर्बंध आणले. त्यावरून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष झाला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला त्यासाठी फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. राब हाताबाहेर जाऊन वणवा लागतच नाही असं नाही; लागतो. वारा फिरला, माणूस जेवायला गेला, की बांधावरून आग डोंगराला लागते. पण राब बहुतेक मे महिन्यात, आपल्या शेतात, राखण करत भाजला जातो. डिसेंबरात दिंडोशीचा डोंगर पेटतो त्याच्याशी राबाचं काय नातं?

कायद्याच्या मनात मात्र तो जुना संशय अजून आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम २६ पाहा. राखीव वनात कोणी मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली, तर सरकारला त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क हवे तेवढे दिवस बंद ठेवता येतात, दोषीला वेगळी शिक्षा झालेली असली तरी. आग एकाने लावायची आणि गुरं सगळ्या गावाची उपाशी. सुक्याबरोबर ओलंही जळावं अशी तरतूदच करून ठेवली आहे. त्याच कायद्याच्या कलम ७९ नुसार जंगलात हक्क असलेल्यांनी, गुरं चारणाऱ्यांनी, लगतच्या गावातल्या सरकारी नोकरांनी आगीची खबर द्यायची आणि ती विझवायला धावायचं, हे बंधनकारक आहे.

आणि प्रत्यक्षात धावतात ते तेच. उद्यानाच्या परिसरात आग लागली की वनरक्षकाबरोबर पुढे असतात ते वनमजूर आणि पाड्यांवरचे पोरगे. हातात ओल्या पानांच्या डहाळ्या, आजकाल कुठे कुठे पाठीवर ब्लोअर. आगीच्या बाजूने चालत तिची कड झोडपत जायचं, धूर तोंडावर आला की खाली बसायचं, वारा फिरला की पळायचं. कधी पुढे जाऊन समोरून जाळ लावायचा, म्हणजे दोन आगी भेटल्या की खायला काही उरत नाही. हे शिकवलेलं कौशल्य नाही, पाहून आलेलं आहे. ज्याला आग कशी चालते हे कळतं त्याच्याकडेच आपण ती लावल्याच्या संशयाने बघतो.

कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन टेकड्यांतले सोलिग आदिवासी पूर्वी वर्षाच्या सुरुवातीलाच पाचोळ्याला हलक्या आगी लावत. अभयारण्य झाल्यावर ते बंद झालं. सोलिग सांगतात, तेव्हापासून घाणेरीने जंगल गिळलं. आणि घाणेरीच्या झुडपांत आग लागते ती पूर्वीसारखी पायाशी राहत नाही, झाडांवर चढते. अमेरिकेने १९३५ मध्ये तर नियमच केला होता की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. अनेक दशकं जळण साचत गेलं आणि मग लागलेल्या आगी कोणाच्याच आटोक्यात येईनात; शेवटी तो नियम सोडावा लागला. म्हणून उद्यानात आग लावत सुटा असं मी म्हणत नाही. मुंबईच्या जंगलाचा त्रास नेमका उलटा आहे, इथे आग फार वेळा लागते. पण 'आग वाईट, जाळणारा गुन्हेगार' एवढ्या भांडवलावर जंगल सांभाळता येत नाही, हे दोन्हीकडे दिसून आलेलं आहे.

आपल्या समजुतींतली सगळ्यात घातक समजूत मात्र कुणावर आरोप करणारी नाहीच. ती म्हणते, एवढं काय, पहिल्या पावसात पुन्हा हिरवं होतं.

होतं खरं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तोच काळा डोंगर पोपटी दिसतो आणि त्याचे रील निघतात. पण हिरवं काय झालं ते जवळ जाऊन बघायला हवं. आगीतून वाचतात ती जाड सालीची, चिवट झाडं, साग, पळस. जी दोन-तीन वर्षांची रोपं गवतातून डोकं वर काढत होती ती जातात. पुढच्या पिढीतलं झाडच गेलं की सावली कमी होते, सावली कमी झाली की गवत, रानमोडी, घाणेरी माजते, आणि ती वाळली की पुढच्या वर्षीची आग आणखी सहज लागते, आणखी पळते. म्हणजे प्रत्येक वणवा पुढच्या वणव्याची सोय करून जातो. आपण हिरवळ बघून समाधानी होतो, ती हिरवळच पुढच्या मार्चचं जळण असते.

आग लागलेल्या उतारावर दुसऱ्या दिवशी सकाळी चढून बघावं. चपलेतून तळव्याला अजून चटका लागतो. एखादा जुना बुंधा आतल्या आत धुमसत असतो, त्याच्या भोकातून दोरीसारखा धूर येतो. गोगलगायींचे शंख पांढरेफटक भाजलेले, बोटाने दाबले तर चुरा होतात. रातवा जमिनीवरच अंडी घालतो, आणि त्याचा हंगाम बरोबर याच महिन्यांत. वर घारी आणि कोतवाल, पळालेल्या किड्यांवर ताव मारून झालेले. आणि गवत गेल्यामुळे एरवी न दिसणारी गोष्ट लख्ख दिसते: क्वार्टरच्या बाटल्या, चिप्सची अर्धी वितळलेली पाकिटं, तीन दगडांची चूल, अर्धवट जळलेली कोंबडीची हाडं. पायवाटेला लागून, एकाआड एक. बिल्डर, आदिवासी, ऊन या तीन आरोपींच्या यादीत हा चौथा कधीच नसतो, कारण तो आपल्यातलाच असतो. शनिवारी रात्री येऊरला 'नेचर'मध्ये बसायला गेलेला, खारघरच्या टेकडीवर सूर्योदय बघायला गेलेला, शेकोटीवर माती न टाकता उठलेला.

वणवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं, हाही एक घोटाळा आहे. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस जळत होतं तेव्हा पॅलिसेड्स आणि अल्टाडिनाचे व्हिडिओ मुंबईतल्या घराघरांत पाहिले गेले. पेटलेले बंगले, वितळलेल्या गाड्या, हजारो घरं बेचिराख. त्यानंतर आपल्या डोंगरावरची गुडघाभर आग आपल्याला आगच वाटत नाही. तिने घरं जळत नाहीत, माणसं क्वचित मरतात, ती तासाभरात पुढे सरकते. तिचं नुकसान वर्षानुवर्षं हप्त्याहप्त्याने होतं म्हणून ते बातमीत बसत नाही. २०१६ च्या जानेवारीत देवनारचं डंपिंग ग्राउंड पेटलं तेव्हा शहर हललं होतं, कारण धूर आपल्या नाकात शिरला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. डोंगराचा धूर बहुधा वाऱ्याबरोबर दुसरीकडे जातो.

यावर इलाज नवा शोधायचा नाहीये. पावसाळा संपल्यावर गवत वाळलं की जंगलाच्या कडेने, रस्त्यांच्या आणि वाटांच्या दोन्ही बाजूंनी काही मीटर रुंदीचा पट्टा कापायचा, तो देखरेखीखाली जाळून साफ करायचा, म्हणजे आगीला ओलांडायला काही उरत नाही. हीच जाळरेषा. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात आणि त्याआधी ही कामं उरकायची असतात. दिंडोशीसारखी आग डिसेंबरात लागते तेव्हा ते वेळापत्रक शहराच्या कडेला पुरत नाही, हेही उघड आहे. माणसांची वर्दळ असलेल्या उतारांवर हे काम नोव्हेंबर संपता संपता व्हायला हवं. शिवाय वनखात्याने आपली जाळरेषा चोख काढली तरी शेजारचा उतार दुसऱ्या खात्याचा असतो, आणि तिथे कोणी विळाही लावलेला नसतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण मुंबईच्या हद्दींसाठीच कोणीतरी करून ठेवली असावी.

आणि नोंद. उपग्रहांवरून आगी टिपून वन सर्वेक्षण संस्था वनखात्याला मोबाइलवर इशारे पाठवते. सामान्य माणसालाही नाव नोंदवून ते मिळवता येतात. पण त्या यंत्रणेतल्या चांगल्यातल्या चांगल्या सेन्सरचा एक ठिपका पावणेचारशे मीटरचा, आणि त्याचा उपग्रह साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. संध्याकाळी सहाला पेटून नऊला विझलेली दोन एकरांची आग त्याला दिसेलच असं नाही. ती फक्त पंचनाम्यात असते, कारण म्हणून 'अज्ञात इसम', आणि तो पंचनामा फायलीत. माझी मागणी साधी आहे: मुंबई आणि ठाण्याच्या डोंगरांवरची प्रत्येक आग, तिची तारीख, सर्व्हे नंबर, जमिनीची मालकी, जळलेलं क्षेत्र आणि कारण, एका नकाशावर सगळ्यांना बघता येईल अशी टाकावी. खात्यांना हे आवडणार नाही. आवडू नये म्हणूनच ते हवं. बिल्डरवरचा आरोप खरा असेल तर तो त्या नकाशावर उघडा पडेल, आदिवासींवरचा खोटा असेल तर तोही.

उरतो कलम ७९ चा प्रश्न. गुरं चारणाऱ्यावर आग विझवायची सक्ती आहे. जंगलाच्या भिंतीला भिंत लावून चाळीस मजले उभे राहिलेल्या टॉवरवर कसलीच नाही. 'फॉरेस्ट व्ह्यू' म्हणून चौरस फुटामागे जादा पैसे मोजले जातात, पण त्या फॉरेस्टसाठी सोसायटीने गवताची एक काडी कापावी असं कुठे लिहिलेलं नाही. उलट सोसायटीचा माळी रोज सकाळी झाडून गोळा केलेला पाला मागच्या कंपाउंडपाशीच पेटवतो, भिंतीपलीकडे जंगल असतं. उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजारांचा दंड हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ च्या डिसेंबरातच सांगून ठेवलंय. किती सोसायट्यांनी तो भरला?

त्याच वर्षी उद्यानाभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं आणि तिथल्या बांधकामांवर देखरेखीसाठी समिती आली. त्या समितीने आणि महापालिकेने हद्दीवरच्या प्रत्येक नव्या इमारतीला अट घालावी: कंपाउंडच्या आतला काही मीटरचा पट्टा नोव्हेंबर ते जून गवतमुक्त ठेवायचा, पाला जाळायचा नाही, खत करायचं, आणि आगीच्या वेळी गेट उघडून पाण्याची टाकी वनखात्याला वापरू द्यायची. ही अट इमारत हस्तांतरित होईपर्यंत बिल्डरवर, त्यानंतर सोसायटीवर. ती पाळली नाही तर ओसी, म्हणजे इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र, अडकवावी. बिल्डरचा संशय ज्यांना येतो त्यांनी पुढच्या वेळी ग्रुपवर टाकण्याऐवजी या अटीसाठी सही करावी, आणि आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत तोच ठराव मांडून बघावा. किती हात वर होतात ते मलाही बघायचंय.